ताटात डाळ कुठे आहे?

शाकाहार या विषयावर साधारण दोन प्रकारचं लिखाण वाचायला मिळतं. एकात शाकाहार किती श्रेष्ठ, सात्त्विक वगैरे आहे ते सांगितलेलं असतं. दुसऱ्यात शाकाहारी लोक किती ढोंगी असतात ते. मला या दोन्ही वादांत फारसा रस उरलेला नाही. मी घरच्या रीतीने शाकाहारी झाले आणि सत्तरी ओलांडली तरी आहे. मला पडलेला प्रश्न अगदी घरगुती आहे. आपण शाकाहारी माणसं नीट जेवतो का?

माझं मत विचाराल तर, बहुतेक जण जेवत नाहीत. पोट भरतं, पण जेवण होत नाही.

याचं एक कारण मला असं वाटतं की आपण शाकाहाराची व्याख्या नकारातून केली आहे. मांस नाही, मासे नाहीत, अंडं नाही, झालो शाकाहारी! मग काय खातो याची चौकशी कुणी करत नाही. बटाटेवडा शाकाहारी, साबुदाण्याची खिचडी शाकाहारी, चहा-खारी शाकाहारी, साखरेचा पाकसुद्धा शाकाहारीच. दिवसभर एवढंच खाणारा माणूसही स्वतःला शुद्ध शाकाहारी म्हणवतो, आणि तसं म्हणायचा त्याला हक्कही आहे. पण त्याच्या शरीराला त्या शुद्धतेचा काय उपयोग?

मी आयुष्यभर शाळेत शिकवलं. मधल्या सुट्टीत मुलांचे डबे बघण्याची मला सवय होती. सुरुवातीच्या वर्षांत गावाकडून येणाऱ्या मुलांच्या फडक्यात भाकरी आणि मटकीची उसळ, नाहीतर झुणका, नाहीतर शेंगदाण्याची चटणी असे. घरात पैसा बेताचाच होता. पुढे परिस्थिती सुधारली आणि डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी आली, मग जॅम लावलेली पोळी आली, मग बिस्किटं. डबा महाग होत गेला आणि डाळ डब्याबाहेर गेली.

आता थोडं गणित करूया. (मास्तरकीची खोड, चालवून घ्या!) हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज साधारण ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. म्हणजे साठ किलो वजनाच्या माणसाला पन्नास ग्रॅम. आता आपल्याकडचा साधा दिवस घ्या. दोन वेळचा दुधाचा चहा, तीन ग्रॅम. चार पोळ्या, बारा. थोडा भात, चार. दोन्ही वेळची मिळून तीसेक ग्रॅम डाळीची आमटी, सात. भाजी, दोन. वाटीभर दही, तीन. बेरीज झाली एकतीस. पन्नासातून एकोणीस कमी. आणि हे घर काही उपाशी नाही, खाऊनपिऊन सुखी आहे!

आता त्याच दिवसात वाटीभर मटकीची किंवा मुगाची उसळ, पेलाभर दूध आणि मूठभर भाजके शेंगदाणे घाला. उसळीचे सात, दुधाचे सहा-सात, शेंगदाण्यांचे सात. पन्नासाचा आकडा आला. यात कुठलीही परदेशी पावडर नाही, महागाची बाटली नाही. सगळं वाण्याकडे मिळतं.

शिवाय आपल्या जुन्या स्वयंपाकात आणखी एक शहाणपण होतं. धान्यात लायसिन नावाचं एक अमायनो आम्ल कमी असतं, ते डाळीत भरपूर असतं. डाळीत मेथिओनिन कमी, ते धान्यात मिळतं. म्हणून वरण-भात, भाकरी-पिठलं, खिचडी या जोड्या जमलेल्या आहेत. थालीपिठाच्या भाजणीत ज्वारी, बाजरी, तांदूळ यांच्या बरोबर हरभरा डाळ आणि उडीद असतात. खानदेशातल्या कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद असतो. कोकणात कुळथाचं पिठलं आणि भात. ज्यांनी हे पदार्थ बसवले त्या बायकांना अमायनो आम्लं ठाऊक नव्हती. पण शेतात राबणारं माणूस कशावर टिकतं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि त्या बायका स्वतः काय खात होत्या? हा प्रश्न विचारल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. घरातलं माणूस माणूस जेवून उठायचं आणि बाई शेवटी बसायची. तोवर आमटीच्या पातेल्यात तळाची डाळ वाढून संपलेली असायची, उरायचं ते पाणी आणि कढीपत्ता. शिळी भाकरी आणि चटणीवर तिचं भागायचं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षय असलेल्या निघाल्या. त्या सगळ्या काही शाकाहारी नव्हेत, आणि कारणंही अनेक आहेत. पण पातेल्याच्या तळाशी कोण उरतं, हे त्यातलं एक कारण आहेच. तेव्हा माझी पहिली सूचना अशी : आमटी वाढताना पळी तळापर्यंत जाऊ द्या, आणि घरातल्या बाईने सगळ्यांबरोबर जेवायला बसावं.

लोहाबद्दल दोन गोष्टी सांगते. पालेभाज्या आणि डाळींतलं लोह शरीरात सहज शोषलं जात नाही. त्याला आंबटाची, म्हणजे क जीवनसत्त्वाची मदत लागते. पानात डाव्या बाजूला लिंबाची फोड असते ती शोभेची नाही, पिळायची असते. आणि जेवणावर लगेच चहा घेतला तर चहा त्या लोहाची वाट अडवतो. तासाभराने घ्या, चहा कुठे पळून जात नाही. भाजीला लोखंडी कढई वापरता आली तर आणखी चांगलं.

आता बी-१२. हे नाव आमच्या वयाच्या मंडळींनी पाठ करायला हवं. हे जीवनसत्त्व वनस्पतींपासून भरवशाने मिळत नाही. ते मांसाहारात, अंड्यात आणि दुधादह्यात असतं. मोड आलेल्या कडधान्यांत ते असतं, असं बरेच जण छातीठोक सांगतात. ते खरं नाही. मोड आणा, जरूर आणा, त्याचे दुसरे पुष्कळ फायदे आहेत, पण बी-१२ त्यात नाही. वय वाढलं की पोटातलं आम्ल कमी होतं आणि अन्नातलं बी-१२ नीट सुटत नाही. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेणारे आणि पित्तासाठी वर्षानुवर्षं गोळ्या घेणारे यांना हा धोका जास्त.

माझ्या एका मैत्रिणीच्या तळपायांना मुंग्या यायच्या, चालताना तोल जायचा, नावं आठवायची नाहीत. घरचे म्हणाले, वय झालं. तीही म्हणाली, वय झालं. वर्षभर असंच गेलं. शेवटी एका तरुण डॉक्टरने रक्त तपासलं आणि बी-१२ फारच खाली निघालं. इंजेक्शनं झाली, गोळ्या सुरू झाल्या. तोल सावरला, नावं आठवू लागली, पण पायाच्या मुंग्या काही पुरत्या गेल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, आधी यायला हवं होतं. ‘वय झालं’ हे दोन शब्द किती घातक असतात बघा. साधी रक्ताची तपासणी आहे. साठीनंतरच्या शाकाहारी माणसाने डॉक्टरांना विचारून ती करून घ्यावी आणि ते म्हणतील तर गोळी घ्यावी. गोळी घेतल्याने आपला शाकाहार बाटत नाही.

इथे गांधीजींची आठवण होते. १८८८ साली ते लंडनला शिकायला गेले तेव्हा आईला मांस न खाण्याचं वचन दिलेलं. घरमालकिणीचं अळणी जेवण, आणखी पाव मागायला संकोच, त्यामुळे बरेचदा अर्धपोटी. मग पायी भटकत असताना फॅरिंग्डन स्ट्रीटवर त्यांना शाकाहारी खानावळ सापडली. तिथे ते पोटभर जेवले, आणि तिथेच विकत घेतलेलं हेन्री सॉल्टचं पुस्तक वाचून वचनापोटी असलेला शाकाहार त्यांनी विचाराने स्वीकारला. पुढे त्यांनी गाई-म्हशीचं दूधही सोडलं. १९१८ साली मोठं आजारपण आलं, अंगात ताकद येईना, तेव्हा कस्तुरबांच्या सुचवण्यावरून शेळीचं दूध घेतलं. ती टोचणी त्यांना कायम राहिली, पण दुधाला पर्याय सापडला नाही हेही त्यांनी मोकळेपणाने लिहून ठेवलं. बी-१२ वेगळं काढण्यात शास्त्रज्ञांना यश आलं ते १९४८ मध्ये, गांधीजी गेले त्याच वर्षी. म्हणजे एवढा प्रयोगशील माणूसही ज्या गोष्टीशी झगडत राहिला तिचं एक उत्तर आज औषधाच्या दुकानात मिळतं. ते न घेण्यात कसली निष्ठा?

उपासाबद्दल बोलले तर काही जणींचा रोष ओढवेल, पण बोलते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्याच्या खिचडीत काही जीव असतो तो दाण्याच्या कुटामुळे. तेव्हा कूट सढळ हाताने घाला. नाहीतर राजगिरा घ्या. राजगिऱ्याचा लाडू आणि पेलाभर दूध हा साबुदाणावड्यापेक्षा कितीतरी चांगला फराळ आहे, आणि विठोबाला दोन्ही चालतात!

आता प्रवास. घरात जी माणसं थोडंफार नीट खातात त्यांचंही प्रवासात बिघडतं. गाडीत वडापाव, धाब्यावर आलूपराठा, हॉटेलात पनीर. पनीर वाईट नाही, प्रथिनं चांगली असतात. पण काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत तोच लाल रस्सा आणि तेच पांढरे चौकोन खायचे असतील तर घर सोडलं कशाला?

पूर्वी प्रवासाचा डबा घरून निघायचा आणि तो विचार करून भरलेला असायचा. दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, ज्वारी-गहू-बेसनाचे धपाटे, शेंगदाण्याची चटणी, गूळ-दाण्याचे लाडू, मेतकूट, सातूचं पीठ. मेतकुटात डाळीही असतात आणि धान्यही. गरम भात कुठेही मिळतो. त्यावर मेतकूट आणि साजूक तूप घातलं की परमुलखात जेवण होतं. फुटाणे आणि गूळ तर खराब व्हायलाही तयार नसतात. आजही लांबच्या प्रवासाला निघताना यातल्या दोन वस्तू पिशवीत टाकायला दहा मिनिटं लागतात. मुलं हसतात. दुपारी गाडी तीन तास लेट झाली की तीच मुलं डबा मागतात.

पण सगळा प्रवास डब्यावर करू नये असंही माझं मत आहे. पर्यटन कंपन्यांबरोबर परदेशी जाऊन स्वित्झर्लंडमध्ये पिठलं-भात खाणाऱ्या मंडळींची चेष्टा करण्याची रीत आहे. मी चेष्टा करणार नाही. सत्तरीत पोटाला नवं काही झेपेल का ही भीती खरी असते. तरीपण दिवसातलं एक जेवण तरी त्या गावचं जेवावं. माझा नियम सोपा आहे. ज्या गावी जाल तिथे विचारा, तुमच्याकडे डाळ कशी करतात? आंध्रात सकाळी हिरव्या मुगाचा पेसरट्टू मिळतो. केरळात पुट्ट्याबरोबर काळ्या हरभऱ्यांची कडला करी. तमिळनाडूत पोंगल आणि सुंदल. बिहारात सत्तू. हिमाचलात राजमा-भात. राजस्थानात पंचमेळ डाळ. बंगालमध्ये नारळ घातलेली हरभऱ्याची डाळ, आणि त्यापलीकडे केळफुलासारख्या भाज्यांचे जे शाकाहारी प्रकार आहेत त्यांतले कितीतरी, मासे वर्ज्य केलेल्या विधवांनी आपल्या वेगळ्या चुलीवर घडवलेले. ते खाताना घास जरा सावकाश उतरतो. अमृतसरला सुवर्णमंदिराच्या लंगरमध्ये मांडीला मांडी लावून डाळ-रोटी जेवा. तिथे कुणी कुणाची जात विचारत नाही.

गोव्याचं आणि कोकणाचं वेगळं सांगायला हवं. आपल्यातले बरेच शाकाहारी तिकडे जाताना घाबरतात, तिथे आम्हाला काय मिळणार म्हणून. अहो, गोव्यात त्यासाठी ‘शिवराक’ असा खास शब्द आहे! मासे खाणाऱ्या हिंदू घरांतही ठरावीक वारी, श्रावणात, सणासुदीला शिवराक जेवण असतं. तिरफळ घातलेलं खतखतें खाऊन पाहा, मोड आलेल्या मुगांच्या मुगागाठी खाऊन पाहा. मालवणात काळ्या वाटाण्याचं सांबार आणि आंबोळ्या. मी आजवर जेवलेल्या उत्तम शाकाहारी जेवणांपैकी काही मासे खाणाऱ्यांच्या घरची आहेत. ‘शुद्ध शाकाहारी’ पाटी बघूनच पायरी चढणाऱ्यांना हे सुख कधी कळणार नाही.

परदेशी जाणाऱ्यांसाठी थोडी कामाची माहिती. विमानाचं तिकीट काढल्यावर जेवणाचा प्रकार निदान चोवीस तास आधी कळवावा लागतो, काही कंपन्यांना त्याहून आधी. त्यात ‘हिंदू मील’ असं लिहिलेलं दिसलं म्हणून खूश होऊन ते निवडू नका. ते बहुतेक वेळा मांसाहारी असतं, फक्त गोमांस नसतं. आपल्याला हवं ते ‘एशियन व्हेजिटेरियन’, त्याची खूण एव्हीएमएल. व्हीजीएमएल मागितलंत तर दूध-दहीही मिळणार नाही. जपानात साध्या दिसणाऱ्या रश्शातही माशाच्या सुकटीचं पाणी असतं, थायलंडात भाजीत माशाचा सॉस. म्हणून ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही, ‘मासाही नको, त्याचा रसही नको’ असं सांगावं लागतं. थायलंडात पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात ‘जे’ लिहिलेलं दुकान शोधा. ते पूर्ण वनस्पतिजन्य, बिनकांदालसणीचं. जपानातल्या बौद्ध मठांत शोजिन र्‍योरी नावाचं शाकाहारी जेवण असतं. इथिओपियाच्या ख्रिस्ती लोकांत बुधवार-शुक्रवार उपासाचे, त्या दिवशी मसुरीचे आणि वाटाण्याचे रस्से मिळतात. स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला हिल्टल नावाचं शाकाहारी उपाहारगृह १८९८ पासून आहे. जगात सगळीकडे, कुठल्या ना कुठल्या कारणाने, कुणीतरी मांस वर्ज्य करून चांगलं जेवत आलेलं आहे. आपण एकटे नाही आणि पहिलेही नाही.

हे एकदा ध्यानात आलं की थोडी नम्रता यावी. ती नेहमी येतेच असं नाही, म्हणून आता थोडं कडू बोलते.

शाळेत पोषण आहार आला तो मी पाहिला. १९९५ साली केंद्राची योजना सुरू झाली तेव्हा आपल्याकडे मुलांना महिन्याला तांदूळ मिळायचा. २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेलं अन्न द्यायचं ठरलं. त्यात प्राथमिकच्या मुलाला एका जेवणात १०० ग्रॅम धान्य आणि २० ग्रॅम डाळ, मोठ्यांना १५० आणि ३०, असं प्रमाण होतं. दिवसभरात दोन वेळची मिळून तीस ग्रॅम डाळ खाणारी आपली सुखवस्तू घरं आणि एका जेवणात वीस ग्रॅम डाळ मिळणारं ते पोर, हा हिशोब मला विसरता येत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने आठवड्यातून एकदा अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्याला केळं किंवा दुसरं फळ. त्यावर बराच विरोध झाला. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठीचा सरकारी पैसा बंद झाला, शाळांनी हवं तर लोकवर्गणीतून द्यावं असं ठरलं. मी अंडं खात नाही, खाणारही नाही. पण ज्या मुलाच्या घरी ते चालतं आणि परवडत नाही, त्याच्या ताटातलं अंडं माझ्या शाकाहाराच्या नावाने कुणी काढू नये. काढायचंच असेल तर त्या जागी डाळ, दूध, शेंगदाणे तितक्याच तोलामोलाने वाढावेत. रिकामी जागा वाढू नये. माझं न खाणं ही माझी निवड आहे. त्या मुलाला निवडीपुरतं तरी अन्न आधी मिळू दे.

राहता राहिली एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची गोष्ट. आमच्या पिढीत अशी घरं आता पुष्कळ झाली. मुलं पुण्याबाहेर, देशाबाहेर. ‘एकटीसाठी काय करायचं’ म्हणून संध्याकाळी चहा आणि टोस्ट, फार तर दूध-पोहे. हेही शाकाहारीच! पण याने हळूहळू दंडाचे स्नायू उतरतात, मग पिशवी उचलवत नाही, मग बाजारात जाणं बंद, मग आणखी कमी खाणं. त्यावर फार मोठा स्वयंपाक लागत नाही. कुकरला एकदा डाळ-तांदळाची खिचडी, त्यात मूठभर मटार किंवा दुधी, वर तूप आणि लिंबू, शेजारी दही. वीस मिनिटांचं काम. मुगाच्या पिठाचं धिरडं दहा मिनिटांचं. रविवारी आठवड्याची कडधान्यं भिजवायचं वेळापत्रक करून फ्रिजवर चिकटवा. आणि शेजारीही कुणी एकटं असेल तर आठवड्यातून दोनदा तिला जेवायला बोलवा, नाहीतर तिच्याकडे जा. दोघींसाठी उसळ करायला कंटाळा येत नाही, हा माझा अनुभव.

तेव्हा मंडळी, आज रात्री जेवायला बसलात की पानाकडे एकदा नीट बघा. काय नाही आहे ते मोजू नका, त्याचा हिशोब आपल्याला चांगला येतो. डाळ कुठे आहे, किती आहे, आणि घरातल्या शेवटच्या माणसापर्यंत पोचली का, एवढं बघा.

असो. बराच उपदेश झाला. उद्या सकाळसाठी मी मटकी भिजत घातली आहे. तुम्हीही घाला.